अक्षरांचा रंग कोणी ठरवावा?

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तांबडा आकडा दिसला, की शाळकरी मुलाला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. तांबडा म्हणजे सुटी. हा अर्थ शाईत नसतो. वर्षानुवर्षांच्या वापराने तो तिला चिकटलेला असतो. एखाद्या छापखान्याने केवळ शोभेसाठी बुधवारचा आकडा तांबडा छापला, तर दोनचार मुले तरी त्या दिवशी घरी राहतील आणि त्यांना दोष देता येणार नाही.

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात या तांबड्या आकड्याची आणखी एक गंमत आहे. महाराष्ट्रातील सुट्यांप्रमाणे छापलेल्या दिनदर्शिकेत १९ फेब्रुवारी हा शिवजयंतीचा दिवस तांबडा असतो आणि १ नोव्हेंबर, तो रविवारी किंवा दुसऱ्या एखाद्या सुटीच्या दिवशी आला नाही तर, काळा. कर्नाटकातील सरकारी यादीप्रमाणे पाहिले तर १ नोव्हेंबर हा राज्योत्सवाच्या सुटीचा दिवस. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला नोकरीस जाणाऱ्या माणसाला पहिली दिनदर्शिका बरोबर. त्याच घरातून निपाणीतल्या कचेरीत जाणाऱ्याला ती चुकीची. छापणाऱ्याला सांगायचे असते ‘सुटी’, पण त्याला कागदावर उमटवता येतो तो केवळ ‘तांबडा’. शाई वाळली, की तो रंग सर्वांसाठी सारखाच कायम होतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र ‘सुटी’ एवढेच लिहून ठेवता येते आणि तिचा रंग पाहणाऱ्याच्या घरी ठरू शकतो. ही सोय असूनही पुष्कळ कार्यक्रमलेखक छापखान्याच्याच वाटेने जातात, हे आश्चर्य आहे.

या गोष्टीचा उत्तम दाखला ईमॅक्स नावाच्या मजकूर-संपादकात सापडतो. येथे संपादक म्हणजे वृत्तपत्राचा संपादक नव्हे. संगणकावर मजकूर लिहिण्याचे आणि दुरुस्त करण्याचे ते साधन आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांचे सहकारी यांच्या हातून त्याचे पहिले रूप तयार झाले, आणि १९८५ पासून ग्नू ईमॅक्स या नावाने ते सर्वांना खुले आहे. त्याचे वैशिष्ट्य असे, की वापरणारा त्यात स्वतः भर घालू शकतो. लिस्प या भाषेच्या एका बोलीत चार ओळी लिहिल्या, की संपादकाला नवे कसब येते. विशिष्ट प्रकारच्या मजकुरासाठी लिहिलेल्या अशा कसबांच्या संचाला ‘मोड’ म्हणतात. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपींत लिहिण्याची सोय त्यात आहे, आणि सीमाभागात ती लहान गोष्ट नव्हे.

अशा मोडचे एक नेहमीचे काम म्हणजे मजकुराच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळे रूप देणे. हे रूप ज्यात साठवलेले असते त्याला ईमॅक्स ‘फेस’ म्हणतो. शब्द मूळचा छापखान्यातला. शिशाच्या खिळ्याचा जो पृष्ठभाग शाई घेऊन कागदावर उमटतो, तो त्या खिळ्याचा फेस. ईमॅक्समध्ये फेस म्हणजे गुणांची एक नाव दिलेली जुडी: अक्षराचा रंग, पार्श्वभूमीचा रंग, ठळकपणा, तिरपेपणा, उंची, अधोरेखा इत्यादी. जुडीत सगळे गुण भरलेच पाहिजेत असे नाही. जो गुण सांगितलेला नाही, तो ‘डिफॉल्ट’ नावाच्या मूळ फेसमधून, म्हणजे वाचणाऱ्याने आपल्या पडद्यासाठी जे सर्वसाधारण अक्षर निवडले असेल त्यातून येतो.

समजा, निपाणीतील एखाद्या शिक्षकाने मराठी-कन्नड शब्दसंग्रह करायला घेतला. मराठी ‘तूप’, त्यापुढे कन्नड ‘तुप्प’. मराठी ‘तंबाखू’, त्यापुढे ‘होगेसोप्पु’, म्हणजे अक्षरशः धुराचा पाला. एकेका नोंदीत मराठी शब्द, कन्नड प्रतिशब्द, स्वतःसाठी केलेले टिपण आणि जेथे खात्री नाही तेथे शंकेची खूण, असे चार भाग. यादी हजारावर गेली, तेव्हा त्याने एक छोटा मोड लिहिला आणि त्यात चार रंग मांडले: मराठी शब्द गडद निळा, कन्नड हिरवा, टिपण तिरप्या अक्षरांत करडे, शंका तांबडी. त्याच्या पांढऱ्या पडद्यावर पान मोठे देखणे दिसू लागले.

मग त्याने तो मोड बेळगावच्या स्नेह्याला धाडला. त्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. पांढरा पडदा डोळ्यांना सोसत नाही म्हणून तो काळ्या पडद्यावर मोठी अक्षरे ठेवून वाचतो. काळ्यावर गडद निळे म्हणजे नसल्यातच जमा. सबंध शब्दसंग्रहातले मराठी शब्दच त्याला दिसेनात. तिसऱ्या एकाला जन्मापासून तांबडे आणि हिरवे यांतील फरक नीट उमगत नाही. हा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो आणि कित्येकांना तो आपल्यात आहे हेही ठाऊक नसते. त्याने शंकेच्या खुणेचे शब्द निश्चित प्रतिशब्द समजून वाचले. शब्दसंग्रहात याहून वाईट चूक कोणती? मजकूर अचूक होता. वाचकाच्या डोळ्यांपर्यंत पोचताना तो बिघडला.

ईमॅक्सने यावरचा उपाय आधीच करून ठेवलेला आहे. त्याच्या कोठारात काही फेस तयारच असतात आणि त्यांची नावे रंगांवरून नव्हेत, कामांवरून पडलेली आहेत. कळीच्या शब्दासाठी ‘फाँट-लॉक-कीवर्ड-फेस’, टिपणासाठी ‘फाँट-लॉक-कॉमेंट-फेस’, उद्धृत मजकुरासाठी ‘फाँट-लॉक-स्ट्रिंग-फेस’. याखेरीज ‘एरर’, ‘वॉर्निंग’, ‘सक्सेस’, दुव्यासाठी ‘लिंक’, मागे सरकवायच्या मजकुरासाठी ‘शॅडो’. प्रत्येकाचे रूप उजळ आणि गडद पडद्यांसाठी वेगळे नेमलेले आहे. कीवर्डचा फेस उजळ पडद्यावर जांभळा, तर गडद पडद्यावर फिकट निळसर दिसतो. टिपणाचा उजळ पडद्यावर विटकरी, तर गडद पडद्यावर नारिंगी-तपकिरी. ‘एरर’ उजळ पडद्यावर तांबडा असतो. गडद पडद्यावर तो गुलाबी होतो, कारण काळ्यावर भडक तांबडे डोळ्यांत खुपते. हा विचार कोणीतरी एकदा नीट केलेला आहे. तो प्रत्येक मोडच्या लेखकाने नव्याने, आणि बहुधा अर्धवट, करण्याचे कारण नाही.

एवढ्यावरच ही सोय थांबत नाही. पुष्कळ लोक ईमॅक्सवर ‘थीम’ चढवतात. थीम म्हणजे सर्व प्रमाण फेसांचे रंग एकदम बदलणारा संच. २०२२ मध्ये निघालेल्या ईमॅक्सच्या २८व्या आवृत्तीपासून प्रोटेसिलाओस स्टाव्ह्रू यांच्या ‘मोडस’ थीम सोबतच मिळतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजातील प्रमाण किमान ७ : १ राहील अशा बेताने त्यांचे रंग निवडलेले आहेत, आणि तांबड्या-हिरव्याची गल्लत होणाऱ्यांसाठी त्यांत निराळे प्रकारही आहेत. परंतु थीमला ओळखीचे असतात ते प्रमाण फेस. शिक्षकाच्या मोडमधला ‘गडद निळा’ तिला माहीतच नाही. सगळा पडदा बदलतो आणि ते चार हट्टी रंग तसेच राहतात.

मग चारही भागांना प्रमाण फेसच थेट लावावेत काय? लावले तर काम भागते. तथापि त्याहून चांगली रीत आहे. भागाच्या नावाचा स्वतःचा फेस घडवावा, पण त्यात एकही रंग लिहू नये. केवळ ‘इनहेरिट’ या गुणापुढे प्रमाण फेसचे नाव लिहावे. इनहेरिट म्हणजे वारसा. ‘शब्दसंग्रह-मराठी’ हा फेस कीवर्डचा वारस, ‘शब्दसंग्रह-टिपण’ हा कॉमेंटचा, ‘शब्दसंग्रह-शंका’ हा वॉर्निंगचा. वडिलांचे रूप बदलले, की मुलाचेही बदलते. शिवाय नाव स्वतंत्र असल्यामुळे, एखाद्याला केवळ या शब्दसंग्रहातील शंकाच अधिक ठसठशीत हव्या असतील, तर ‘कस्टमाइज-फेस’ ही आज्ञा देऊन तो तेवढ्याच बदलू शकतो. बाकीच्या जगातील वॉर्निंगला धक्का लागत नाही. जो गुण वारसाने स्वतः सांगितला तो त्याचा, न सांगितलेला तेवढा वडिलांचा, असा वाटणीचा नियम आहे. त्यावरून भाऊबंदकी होत नाही, हे विशेष.

ईमॅक्स स्वतःच्या घरातही हाच नियम पाळतो. दस्तऐवजी मजकुराचा ‘फाँट-लॉक-डॉक-फेस’ हा स्ट्रिंग-फेसचा वारस आहे, आणि ‘फाँट-लॉक-वॉर्निंग-फेस’ हा ‘एरर’चा. एक विसंगती मात्र येथे डोळ्यांत भरते. नव्या फेसच्या नावाला शेवटी ‘फेस’ हा शब्द जोडू नये, ती द्विरुक्ती होते, असे ईमॅक्सची नियमपुस्तिका सांगते आणि तिची स्वतःची जुनी नावे मात्र ‘फेस’ने संपतात. जुन्या घरातील वडीलधाऱ्यांचे असेच असते.

वडील निवडताना त्याचा आजचा रंग पाहून निवडू नये, अर्थ पाहून निवडावा. येथे फार जण चुकतात. एखाद्याला विटकरी रंग आवडतो म्हणून तो कन्नड शब्दांना टिपणाचा फेस लावतो. मग टिपणे अंधूक दाखवणारी थीम कोणी चढवली, की निम्मा शब्दसंग्रह अंधूक होतो. तांबडे हवे म्हणून ‘एरर’ घेणे हे तर शोभेसाठी बुधवार तांबडा छापण्यासारखेच आहे. शंका ही चूक नव्हे. तिला ‘वॉर्निंग’ शोभते. कन्नड प्रतिशब्दांना स्ट्रिंग-फेस चालेल, कारण ते एका भाषेतून जसेच्या तसे उचलून ठेवलेले शब्द आहेत. या निवडीत मतभेद होऊ शकतो, पण तो अर्थाबद्दलचा मतभेद असेल.

देवनागरी आणि कन्नड मजकुराच्या बाबतीत स्वतःचे गुण लादण्याचे तोटे आणखी वाढतात. तिरपे अक्षर ही रोमन लिपीची परंपरा. देवनागरी छपाईत जोर दाखवायचा तो ठळक खिळ्यांनी किंवा आकाराने. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांत मूळ श्लोक मोठ्या खिळ्यांत आणि टीका लहान खिळ्यांत असे. देवनागरीच्या कित्येक टंकांना तिरपे रूपच नसते. मग टिपण सरळच दिसते आणि ते टिपण आहे हे कळत नाही, किंवा यंत्र अक्षरांना कसेबसे कलवते. अधोरेखेचे दुखणे निराळे. देवनागरीत ती उकार-ऋकारांना छेदते; कन्नडात तर जोडाक्षरातले दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लिहितात, त्यामुळे रेघ नेमकी त्यावरच येते. टंकाचे नाव फेसमध्ये घालण्याचा मोह तर टाळावाच. कोणत्या लिपीला कोणता टंक, हे ईमॅक्स ‘फाँटसेट’ नावाच्या यादीवरून ठरवतो, आणि एका टंकात दोन्ही लिपी असतीलच असे नाही.

उंचीचेही तसेच. फेसमध्ये उंची पूर्णांकात लिहिली, तर तो आकडा पॉइंटच्या दशांशांत मोजतात. १२० म्हणजे १२ पॉइंट. अपूर्णांकात १.२ लिहिली, तर ती मूळ अक्षराच्या १.२ पट. बेळगावच्या त्या स्नेह्याने मूळ अक्षर १८ पॉइंटांचे ठेवलेले असेल, तर १२० उंचीचे शीर्षक त्याला मजकुराहून लहान दिसेल. शीर्षक लहान आणि मजकूर मोठा, असे पान एखाद्या जुन्या जुळाऱ्याने पाहिले असते तर त्याने ते मोडून पुन्हा जुळवले असते.

कोठारातला एकही फेस अर्थाने जुळत नाही, असा प्रसंग क्वचित येतो. तो येण्यापूर्वी ‘लिस्ट-फेसेस-डिस्प्ले’ ही आज्ञा देऊन सगळे फेस नमुन्यासह पाहून घ्यावेत. कोठार वाढतही असते. २०२३ मधल्या २९व्या आवृत्तीत आकडे, कंस, चिन्हे यांच्यासाठीही फेस आले. तरीही जुळले नाही, तर रंग जरूर लिहावेत, परंतु उजळ पडद्यासाठी एक, गडद पडद्यासाठी दुसरा आणि ज्या पडद्यावर मोजकेच रंग असतात त्यासाठी निव्वळ ठळकपणा, अशी तिन्ही रूपे लिहावीत. निपाणीच्या शिक्षकाला मात्र तेवढे करण्याची गरज पडणार नाही. त्याच्या मोडमधल्या चार रंगांच्या ओळी काढून तेथे चार वडिलांची नावे घातली, की बेळगावच्या काळ्या पडद्यावर ‘तूप’ हा शब्द दिसू लागतो.