जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी : पोचा चालेल, चीर नको

जुना माल घेताना नवखा चकाकी पाहतो, जाणकार सांधा पाहतो. अमेरिका व कॅनडात नदी-तलावांवर वल्ह्याने चालवायची ‘कॅनू’ ही निमुळती होडी जुनी विकत घेतानाही हाच नियम लागू पडतो.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमाने बनवणाऱ्या अमेरिकेतील ग्रुमन कंपनीने १९४५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनू काढल्या. पत्र्याचे दोन अर्धे भाग तळाच्या कण्यावर रिव्हेटने जोडलेले. १७ फुटी होडीचे वजन सुमारे ३४ किलो. कित्येक दशके वापरलेल्या या होड्या आजही विकल्या जातात.

मग पारख कशी करावी? पोच्याला घाबरू नये. तो रबरी हातोडीने बराचसा निघतो. होडी उलटी करून कणा सरळ आहे का ते पाहावे. नंतर ती दोन ठोकळ्यांवर ठेवून आत थोडे पाणी ओतावे व पाझरणाऱ्या रिव्हेटवर खडूने खूण करावी. ढिला रिव्हेट मागे लोखंडी ठोकळा टेकवून ठोकला की बहुधा बसतो. चीर वेल्डिंगने सांधली असेल तर सावध राहावे; उष्णतेने अशा पत्र्याची ताकद त्या जागी उतरते. त्यापेक्षा रिव्हेटचे ठिगळ बरे. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या होडीत लोखंडी किंवा पितळी स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली, तर पत्रा खाल्ला जात आहे असे समजावे. दोन्ही टोकांतील फोमही तपासावा. उलटलेल्या होडीला तोच तरंगत ठेवतो.

आम्ही एवढेच सांगू : पोच्यावर भाव पाडावा, ढिल्या रिव्हेटची मजुरी वजा करावी; पण कणा मुरडला असेल किंवा पत्रा खाल्ला असेल, तर फुकटातली होडीही महागच पडते.