चार किलो लाकूड, एक किलो कोळसा

कोळसा म्हटला की मराठीत दोन वस्तू डोळ्यांपुढे येतात : खाणीतला दगडी कोळसा आणि लाकडापासून केलेला लोणारी कोळसा. कन्नडमध्ये पहिल्यास 'कल्लिद्दलु' व दुसऱ्यास 'इद्दिलु' म्हणतात. लोंढ्याच्या आसपास ऐन, किंजळ, जांभा यांचे रान असल्यामुळे लाकूड आपणांस नवे नाही. परंतु त्याचा कोळसा होताना आत काय घडते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

मोकळ्या हवेत लाकूड जळले तर शेवटी मूठभर राख उरते. म्हणून कोळसा पाडणारा ओंडके रचून त्यांवर पाला व माती लिंपतो आणि हवा जवळजवळ कोंडतो. थोडे लाकूड जळते, त्या उष्णतेने बाकीचे तापते. पण प्राणवायू नसल्याने ते पेट घेत नाही, त्याचे विघटन होते.

लाकडाचे मुख्य घटक तीन. सेल्युलोज म्हणजे धागा, हेमिसेल्युलोज त्याचा जोडीदार आणि लिग्निन म्हणजे दोघांना घट्ट धरणारा सरस. प्रथम पाणी वाफ होऊन जाते. तेव्हा धूर दाट पांढरा असतो. सुमारे २२० अंश सेल्सिअसच्या पुढे हेमिसेल्युलोज फुटते व त्यातून ॲसेटिक आम्ल निघते. ३१५ ते ४०० अंशांच्या दरम्यान सेल्युलोजची पाळी येते. लिग्निन मात्र सावकाश, फार मोठ्या तापमानापर्यंत विघटत राहते. त्यात कार्बनचे प्रमाण अधिक असल्याने कोळशात त्याचा वाटा मोठा असतो. शेवटी धूर विरळ व निळसर झाला, की भट्टी पुरती बंद करावयाची.

आता हिशेब पाहू. चांगल्या भट्टीत सुमारे चार किलो सुक्या लाकडापासून एक किलो कोळसा मिळतो. चार किलो लाकडात अंदाजे १८,००० किलोकॅलरी उष्णता असते, एक किलो कोळशात ७,०००. म्हणजे निम्म्याहून अधिक उष्णता भट्टीतच खर्च पडली किंवा धुरावाटे गेली. तरीही हा व्यवहार चालतो, कारण कोळसा वाहून नेण्यास हलका, जवळजवळ बिनधुराचा आणि लोहाराच्या भात्याला लागणारी धग देणारा असतो.

या धुरालाही मोल आहे. लोंढ्याहून हुबळीमार्गे बिरूरला जावे. तेथून शिवमोग्याच्या फाट्यावर भद्रावती लागते. सर विश्वेश्वरय्यांच्या प्रयत्नाने तेथे उभ्या राहिलेल्या लोखंडाच्या कारखान्यात १९२३ साली उत्पादन सुरू झाले. झोतभट्टीला कोळसा लाकडाचाच होता. लाकूड बंद पात्रात तापवून धुरातून मिथेनॉल, ॲसेटिक आम्लाचे क्षार व डांबर मिळविण्याची सोयही तेथे होती. त्याच वर्षी जर्मनीत बी. ए. एस. एफ. कंपनीने वायूंपासून मिथेनॉल बनविण्यास आरंभ केला आणि पुढे लाकडी मिथेनॉल महाग ठरले.

कोळशाच्या पोत्याची किंमत ठरविताना मजुरी धरतात, गाडीभाडे धरतात. झाड वाढण्यास लागलेली वर्षे कोणत्याच खात्यावर मांडली जात नाहीत. नारळाच्या करवंटीत लिग्निन भरपूर असते, म्हणून तिचा कोळसा कठीण व उत्तम होतो. पाणी शुद्ध करण्यासाठीही तो वापरतात. करवंटी तर नारळ फोडल्यावर आपोआप उरते. रान न तोडता मिळणारा हा कोळसा हिशेबातही सरस ठरतो.