पन्हळ बुजली की घर गेलं

मालीतल्या जेने शहराचं नाव 2016 पासून युनेस्कोच्या ‘धोक्यातील वारसा’ यादीत आहे. तिथल्या एखाद्या जुन्या, अर्ध्या ढासळलेल्या घराचा फोटो पाहिला की वाटतं, माती ती, किती टिकणार? मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. पडक्या घराचा पंचनामा करायचा तर भिंतीआधी धाबं पाहावं.

उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटेतही थोडं पाणी उरतंच आणि तेच पृष्ठताणाच्या जोरावर कणांना एकमेकांकडे खेचून धरतं. किनाऱ्यावरचा वाळूचा किल्ला ओलसर असेतो उभा राहतो, त्यामागची ओढ हीच. वाळू मात्र लवकर कोरडी पडते. विटेतल्या चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे तो ओलावा वर्षानुवर्षं सोडत नाहीत. जेनेचे गवंडी मातीत भाताचा कोंडा घालून ती कुजवतात, त्यानं तडे कमी जातात. पण भिंतीत पाणी मुरत राहिलं की ओढ संपते आणि भिंत स्वतःच्याच भारानं बसते.

म्हणून धाब्यावरचं पाणी लांब पन्हळींनी भिंतीपासून दूर टाकतात. पन्हळीचं मोल सेकू अमादूला पुरतं कळलं होतं. एकोणिसाव्या शतकात जेने जिंकल्यावर त्याला तिथली जुनी मशीद नको होती, पण मशीद पाडणं धर्मात बसेना. मग त्यानं तिच्या पन्हळी बुजवल्या, असं सांगतात. बाकीचं पावसानं केलं! एका ओळीत सगळं मृदाशास्त्र.

त्याच जागी 1907 मध्ये आजची मशीद उभी राहिली. तिचं श्रेय तेव्हा तिथं राज्य करणाऱ्या फ्रेंचांना देणारे इस्माईला त्राओरेचं नाव घेत नाहीत, याची मला चीड येते. जेनेच्या गवंड्यांचा हा प्रमुख; काम त्याच्या देखरेखीखाली झालं. ‘बारे तोन’ ही गवंड्यांची संघटना आजही आहे आणि घराण्याचा गवंडी ठरलेला असतो. कुटुंब परगावी गेलं किंवा हात आखडला की त्याच्याकडून वेळोवेळी करून घ्यायचं भिंतींचं लिंपण चुकतं, भेगांतून पाणी शिरतं आणि घर खचू लागतं.

यावर सिमेंटचा गिलावा सुचवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. सिमेंटला तडा गेला की आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही; आतली माती मऊ होते आणि गिलाव्याचा पापुद्रा भिंतीचा थर घेऊनच सुटतो. शिवाय ढासळलेल्या निव्वळ मातीच्या भिंतीचा ढिगारा भिजवून पुन्हा विटा पाडता येतात. सिमेंटच्या ढिगाऱ्याच्या येत नाहीत.