संगणकातलं विश्व: गैरसमज आणि वस्तुस्थिती
जांभळ्या-पिवळ्या धाग्यांचं जाळं, गाठीगाठीवर चमकणारे ठिपके, त्यांच्यामधून सरकत जाणारं दृश्य. विश्वाचे असे व्हिडिओ आता पवनी तालुक्यातल्या कोंढ्यातही मोबाइलवर पाहता येतात. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी सुंदर ॲनिमेशन केलंय.

रंग नंतर भरलेले असतात, हे खरं. पण प्रत्येक ठिपक्याची जागा गुरुत्वाकर्षणाच्या गणितानं ठरलेली असते. १९४१ साली, आजच्यासारखे संगणक नव्हते तेव्हा, स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी हे गणित चक्क दिव्यांनी केलं. अंतर दुप्पट झालं की दिव्याचा उजेड चौथाई होतो. गुरुत्वाकर्षणही तसंच घटतं. म्हणून त्यांनी दोन दीर्घिकांसाठी प्रत्येकी ३७ दिवे मांडले, एकेका जागी किती उजेड पडतो ते मोजलं, त्यावरून ओढ काढली, दिवे जरासे सरकवले आणि पुन्हा मोजलं. आजचा महासंगणक हेच आकड्यांत करतो; त्यालाच सिम्युलेशन म्हणतात.

संगणक महास्फोटाचा क्षण दाखवतो, हाही गैरसमज. सुरुवात त्याला आपणच द्यावी लागते. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी निघालेला प्रकाश आजही सूक्ष्मलहरींच्या रूपात आपल्यापर्यंत पोचतो. त्यातला तापमानाचा फरक लाखात एक भाग, एवढाच. त्या चढउतारांवरून पदार्थाची पहिली मांडणी ठरते. पुढची अब्जावधी वर्षं संगणक टप्प्याटप्प्यानं मोजत जातो.

आणि ठिपका म्हणजे तारा नव्हे. २००५ च्या ‘मिलेनियम’ सिम्युलेशनमध्ये दहा अब्जांहून जास्त कण होते, तरी एकेक कण सूर्याच्या सुमारे अब्जपट वस्तुमानाचा होता.

‘संगणकाकडून हवं ते उत्तर काढून घेता येतं’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्यानं या कामाचा जीवच जातो. १९९९ मध्ये सिम्युलेशननं सांगितलं, की आपल्या आकाशगंगेभोवती कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षण असलेल्या पदार्थाचे, शेकडो लहान गोळे असायला हवेत. अशा गोळ्यांत तारे जमून लहान उपदीर्घिका दिसायला हव्यात, पण तेव्हा माहीत असलेल्या जेमतेम डझनभर! ही तफावत कुणी दडवली नाही, तिच्यावर शोधनिबंध लिहिले गेले. मग आकाशाच्या बारीक पाहणीत अतिशय मंद अशा डझनावारी उपदीर्घिका सापडल्या. शिवाय, लहान गोळ्यांतला वायू पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशानं तापून निसटतो आणि तिथं तारे बनतच नाहीत, हेही उमगलं. तपशिलांवर आजही वाद चालतो, आणि तो चालायलाच हवा.

ताळा उलट्या बाजूनंही लागतो: कधी निरीक्षणच सिम्युलेशनला प्रश्न विचारतं. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांमधल्या संशोधकांच्या गटानं ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला: सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षं दूर, साठ कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. एवढी प्रचंड रचना इतक्या अवधीत कशी जमली, हा प्रश्न त्यांनीच विश्वाच्या प्रचलित प्रारूपापुढे ठेवला.

अशी सिम्युलेशनं परदेशातच होतात, असंही नाही. आयुकाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह अलीकडेच ‘सह्याद्री’ नावाची सिम्युलेशन-मालिका तयार केली आहे. ‘मिलेनियम’ ज्या ‘गॅजेट’ प्रणालीवर चाललं, तिची खुली आवृत्ती मोफत मिळते. लिनक्स आणि सी भाषा येणाऱ्या कोंढ्यातल्या विद्यार्थ्याला साध्या लॅपटॉपवरही दोन-अडीच लाख कणांचं विश्व चालवून पाहता येईल.