आधी कानावर, मग वहीत

शहापूर-मुरबाडच्या सेमी-इंग्रजी वर्गात ‘टेरिडोफायटा’ शब्द आला, की स्पेलिंगच्या आरंभीच्या मुक्या ‘पी’पाशी मुलांनी अडखळणं स्वाभाविकच. पण ‘न्यूमोनिया’तही तोच मुका ‘पी’ आहे आणि तो शब्द खेडोपाडी सहज म्हटला जातो, कारण तो आधी कानावर पडलेला असतो. म्हणजे उणीव बुद्धीची नव्हे, ऐकण्याची. ‘टेरिडोफायटा’ची फोडही सोपी: ग्रीकमध्ये ‘प्टेरिस’ म्हणजे नेचा, ‘फायटॉन’ म्हणजे वनस्पती. पावसाळ्यात माळशेज घाटातल्या ओल्या कातळावरच्या नेच्याचं पान उलटून त्याखालचे बीजाणूंचे तपकिरी पुंजके दाखवले, की अर्थही पक्का होतो. उच्चार देवनागरीत लिहिला, तर इंग्रजी आघात नीट उतरत नाहीत, हा आक्षेप खराच. पण शब्द एकदा तोंडात बसला की आघात सुधारता येतो. शिक्षकांनो, फळ्यावर स्पेलिंगशेजारी देवनागरी उच्चार लिहा आणि तो वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घ्या.