हॉटेलचे नियम आणि अतिथीचे हक्क

रुग्णालय, न्यायालय, परीक्षा किंवा कचेरीतील काम अशा निमित्ताने शहरात आलेल्या ग्रामीण नागरिकास एखाद-दुसरी रात्र लॉजमध्ये काढावी लागते. तेथे भिंतीवर नियमांचा फलक असतो. 'दुपारी बारा वाजता खोली सोडावी', 'आगाऊ रक्कम परत मिळणार नाही', 'सामानाची जबाबदारी व्यवस्थापनावर नाही' ही वाक्ये वाचून तो मुकाट्याने नोंदवहीत सही करतो. फलकावरील प्रत्येक ओळ कायद्याइतकीच बंधनकारक असते, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. हे नियम म्हणजे चालक व अतिथी यांच्यातील कराराचा भाग होय आणि करार कायद्याच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही.

नियम आधी कळला पाहिजे

दरपत्रक सर्वांना दिसेल असे लावण्याचे बंधन १८६७ च्या सराई अधिनियमानेच सराईचालकांवर घातले होते. त्यामागील तत्त्व आजही महत्त्वाचे आहे. रात्री दहा वाजता आलेल्या अतिथीस बारा वाजताच्या नियमानुसार एका दिवसाच्या भाड्यात चौदा तासच मिळतात; चोवीस तासांची पद्धत असल्यास दुसऱ्या दिवशी रात्री दहापर्यंत राहता येते. दोन्ही पद्धती वैध आहेत. मात्र कोणती लागू आहे, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे. भाड्यात वस्तू व सेवा कर समाविष्ट आहे काय, हेही विचारावे. प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर ५ टक्के आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने 'अन्यायकारक करार' ही संकल्पना आणली. उघडउघड अवाजवी अनामत किंवा झालेल्या नुकसानीच्या मानाने अगदीच विषम दंड लादणारी अट तीत मोडू शकते. आरक्षण रद्द केल्यास संपूर्ण रक्कम जप्त करण्याच्या अटीकडे या दृष्टीने पाहावयास हवे.

प्रवेश आणि ओळख

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकास हॉटेलमध्ये प्रवेश नाकारता येत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून असा मज्जाव करणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. याउलट, ओळखपत्र मागणे व नोंदवहीत नाव-पत्ता लिहून घेणे हे सुरक्षिततेसाठी आवश्यक असून अतिथीने त्यास सहकार्य करावे. परदेशी अतिथीची माहिती तर चालकास चोवीस तासांच्या आत शासनास कळवावी लागते.

जबाबदारी टाळता येत नाही

१९९८ मध्ये दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलात अतिथीने आपली मोटार उभी करण्यासाठी कर्मचाऱ्याच्या स्वाधीन केली आणि ती चोरीस गेली. 'मोटार मालकाच्या जोखमीवर' असे पावतीवर छापलेले होते. तथापि, ताब्यात घेतलेल्या वाहनाबाबत स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील वाक्याने झटकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. अर्थात, वस्तू हॉटेलच्या ताब्यात दिल्याचा पुरावा हवा. म्हणून पावती जपून ठेवणे अगत्याचे आहे.

देयकातील सेवा आकार हाही असाच विषय आहे. तो आपोआप देयकात जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना ग्राह्य ठरविल्या. हा आकार म्हणजे शासकीय कर नव्हे. तो देणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे.

दाद कोठे मागावी

प्रथम व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्यावी. तीवर समाधान न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांकावर कळवावे. त्यानंतर दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. त्यामुळे परगावी घडलेल्या अन्यायासाठी पुन्हा तेथे खेटे घालण्याचे कारण उरत नाही.

ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शाळेतील नागरिकशास्त्राच्या तासाला ही माहिती दिली गेली, तर गावाबाहेर पडणारा नागरिक सही करण्यापूर्वी नियम वाचील आणि आवश्यक तेथे प्रश्न विचारील.