समलिंगी कथासाहित्य : शोध व शिफारस-सूची

समलिंगी स्त्री वा पुरुष हे ज्यांतील प्रमुख पात्र आहे, अशा कथा-कादंबऱ्या हुडकून काढणे, त्यांच्या सूची करणे आणि त्यांतील वाचनीय कोणत्या हे वाचकास सांगणे, असे या कार्याचे स्थूल स्वरूप आहे. ग्रंथसूचिशास्त्राचीच ही एक शाखा असली, तरी तिचा उगम ग्रंथालयांत न होता वाचकांत झाला. ज्याला आपल्या प्रश्नाचा उघड उच्चारही करता येत नव्हता, अशा वाचकासाठी त्याच्यासारख्याच दुसऱ्या वाचकाने केलेली यादी, हे या सूचींचे मूळ रूप होय. त्यांची बीजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात आढळतात. तथापि त्यांना पद्धतशीर रूप आले ते १९५० नंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत.

ग्रंथालयीन अडचण : ललित साहित्याचे वर्गीकरण विषयानुसार होत नाही, हे या सूचींच्या निर्मितीमागील पहिले कारण. मेल्व्हिल ड्यूई याच्या दशांश वर्गीकरणात (१८७६) साहित्याची विभागणी भाषा व साहित्यप्रकार यांनुसार केलेली आहे. शि. रा. रंगनाथन् यांच्या द्विबिंदू वर्गीकरणातही (१९३३) साहित्यकृतीचे स्थान भाषा, साहित्यप्रकार, ग्रंथकार व कृती या क्रमाने ठरते. त्यामुळे लेखकाचे नाव ठाऊक असलेल्या वाचकास कादंबरी तत्काळ सापडते. विशिष्ट प्रकारच्या जीवनाचे चित्रण शोधणाऱ्यास तालिकेची मदत होत नाही. माहितीपर ग्रंथांना विषयशीर्षके असत. परंतु समलिंगी आकर्षणावरील ग्रंथ मनोविकृती वा गुन्हेगारी यांच्या शेजारी ठेवलेले असत. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने हा विषय ‘अपसामान्य लैंगिक संबंध’ या वर्गातून बाहेर काढला तो १९७२ मध्ये. शिवाय अनेक ग्रंथालयांत असे ग्रंथ कुलूपबंद कपाटांत ठेवीत व ते मागणाऱ्यास कारण सांगावे लागे. ज्या वाचकाला सूचीची सर्वाधिक गरज होती, त्यालाच ग्रंथपालाकडे जाणे सर्वांत अवघड होते.

यूरोपातील पूर्वप्रयत्न : माग्नुस हिर्शफेल्ट (१८६८–१९३५) या जर्मन वैद्याने १८९७ मध्ये स्थापन केलेल्या समितीतर्फे १८९९ ते १९२३ या काळात एक वार्षिक प्रसिद्ध होत असे. त्यात ‘नुमा प्रेटोरियस’ या टोपणनावाने या विषयावरील नव्या ग्रंथांची समीक्षात्मक सूची दिली जाई आणि तीत ललित साहित्याचाही समावेश असे. सूचिकारालाही टोपणनाव घ्यावे लागले, ही बाब लक्षणीय आहे. हिर्शफेल्टच्या बर्लिन येथील संस्थेचे ग्रंथालय मे १९३३ मध्ये नाझींनी लुटले व त्यातील ग्रंथ जाहीरपणे जाळले. इंग्लंडमध्ये एडवर्ड कार्पेंटर (१८४४–१९२९) याने मैत्रीविषयक उताऱ्यांचा आयोलस (१९०२) हा संग्रह संपादित केला. मैत्री या सर्वमान्य शीर्षकाखाली प्राचीन ग्रीकांपासूनचे पुरुषांतील प्रेमाचे साहित्य त्यात एकत्र आले होते. जाणत्या वाचकास ते शिफारस-सूचीसारखेच उपयोगी पडले.

प्रतिबंध व कथेचा शेवट : या साहित्याच्या स्वरूपावर कायद्याचा खोल परिणाम झाला. रॅडक्लिफ हॉल (१८८०–१९४३) हिच्या द वेल ऑफ लोन्लिनेस (१९२८, म. शी. एकाकीपणाची विहीर) या कादंबरीत कामुक वर्णने जवळजवळ नाहीत; तरीही लंडनच्या दंडाधिकाऱ्याने ती अश्लील ठरवून तिच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. ई. एम. फॉर्स्टर (१८७९–१९७०) याने मॉरिस ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली. तिचा शेवट सुखाचाच असला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. ती त्याच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत १९५० नंतर स्वस्त कागदी बांधणीच्या कादंबऱ्यांचे पीक आले. व्हिन पॅकर (मॅरिजेन मीकर) हिच्या स्प्रिंग फायर (१९५२) या कादंबरीचा शेवट सुखाचा असता कामा नये, अशी प्रकाशकाची अट होती. कारण तसे झाल्यास टपालखाते प्रती अडवील अशी धास्ती होती. परिणामी अशा पुस्तकांतील नायिका बहुधा वेडी होते, मरते किंवा पुरुषाशी विवाह करते. याला अपवाद ठरलेली द प्राइस ऑफ सॉल्ट (१९५२, म. शी. मिठाची किंमत) ही कादंबरी पट्रिशिया हायस्मिथ (१९२१–९५) हिने ‘क्लेअर मॉर्गन’ या नावाने प्रसिद्ध केली, आपल्या खऱ्या नावाने ती छापू देण्यास तिला १९९० साल उजाडावे लागले. तीतील दोन स्त्रियांपुढे अखेरीस एकत्र जगण्याची शक्यता उरते. ‘शेवट कसा आहे’ हा इतरत्र बालिश वाटणारा प्रश्न या सूचींत महत्त्वाचा ठरला, त्याचे कारण या इतिहासात आहे.

डॉनल्ड वेब्स्टर कोरी (एडवर्ड सॅगरिन) याने द होमोसेक्शुअल इन अमेरिका (१९५१) या ग्रंथास कादंबऱ्या व नाटके यांची यादी जोडली. पुढील वर्षी त्याच्याच नावाने टपालाद्वारे पुस्तके पुरविणारी सेवा निघाली. ग्रंथालय वा दुकान टाळून पुस्तक मिळविण्याचा मार्ग वाचकांना त्यामुळे लाभला.

फॉस्टर : जेनेट हॉवर्ड फॉस्टर (१८९५–१९८१) ही या क्षेत्रातील पहिली शास्त्रशुद्ध सूचिकार होय. महाविद्यालयात विद्यार्थी-मंडळाची सदस्य असताना वसतिगृहातील दोन मुलींविषयीचे एक प्रकरण मंडळापुढे आले. चर्चा कशाविषयी चालली आहे हे तिला उमगेना. म्हणून तिने ग्रंथालयाची वाट धरली. तो शोध पुढे अनेक दशके चालला. शिकागो विद्यापीठातून तिने ग्रंथालयशास्त्राची डॉक्टरेट मिळविली (१९३५) आणि १९४८ ते १९५२ या काळात ॲल्फ्रेड किन्सी याच्या संशोधनसंस्थेत ग्रंथपाल म्हणून काम केले. सेक्स व्हेरिअंट विमेन इन लिटरेचर (१९५६) या तिच्या ग्रंथात सॅफोपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या साहित्यातील स्त्री-स्त्री आकर्षणाच्या चित्रणाचा कालक्रमाने परामर्श घेतलेला आहे. प्रकाशनाचा खर्च तिने स्वतः सोसला. ग्रंथाची दखल प्रारंभी फारशी घेतली गेली नाही. १९७४ मध्ये मात्र अमेरिकन ग्रंथालय संघातील समलिंगी गटाने त्यास पुरस्कार दिला. तोवर फॉस्टरने वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती.

ग्रीअर व श्रेणीपद्धती : ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ (स्थापना १९५५) या अमेरिकेतील स्त्रियांच्या संघटनेचे द लॅडर (१९५६–७२) हे नियतकालिक होते. त्यात बार्बरा ग्रीअर (१९३३–२०११) ही ‘जीन डेमन’ या नावाने ‘लेस्बियाना’ हे पुस्तक-परीक्षणांचे सदर लिहीत असे. या साधनेतून द लेस्बियन इन लिटरेचर (१९६७) ही सूची तयार झाली. तीतील प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर असे. समलिंगी स्त्री हे प्रमुख पात्र असल्यास पहिले, गौण असल्यास दुसरे, तर आकर्षण केवळ सूचित वा दडपलेले असल्यास तिसरे अक्षर योजले जाई. निव्वळ बाजारू लेखनासाठी चौथी खूण होती. वाङ्मयीन गुणवत्ता तारकाचिन्हांनी दाखवीत. विषयाचे प्रमाण आणि कलात्मक मूल्य या दोन गोष्टी अशा प्रकारे वेगळ्या मोजल्या गेल्या. जवळपास कोणतेही पुस्तक न मिळणाऱ्या गावातील वाचकाने एकच पुस्तक मागवायचे तर कोणते, याचे उत्तर एका दृष्टिक्षेपात मिळे. १९७५ व १९८१ मध्ये सूचीच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. १९७३ मध्ये ग्रीअर व तिच्या सहकारी स्त्रियांनी ‘नायड प्रेस’ ही प्रकाशनसंस्था स्थापन केली. फॉस्टरचा ग्रंथ १९८५ मध्ये तिनेच पुन्हा छापला. अशा रीतीने सूचिकार हाच पुढे प्रकाशक झाला.

गिटिंग्ज व ग्रंथालय संघ : बार्बरा गिटिंग्ज (१९३२–२००७) हिने १९४९ मध्ये विद्यापीठात प्रवेश घेतल्यावर स्वतःविषयी माहिती मिळविण्यासाठी ग्रंथालये पालथी घातली. वैद्यकीय ग्रंथांत तिला रुग्णांची वर्णने आढळली. जगणारी माणसे तिला भेटली ती कादंबऱ्यांत. या शोधापायी तिचे शिक्षण अर्धवट राहिले. अमेरिकन ग्रंथालय संघात १९७० मध्ये समलिंगी व्यक्तींचा एक कार्यगट स्थापन झाला. स्वतः ग्रंथपाल नसतानाही गिटिंग्जने १९७१ ते १९८६ पर्यंत त्याचे नेतृत्व केले. गटाच्या पहिल्या ग्रंथसूचीत केवळ ३७ नोंदी होत्या. १९८० च्या सहाव्या आवृत्तीत त्या पाचशेच्या वर गेल्या. १९७१ मध्ये गटाने वार्षिक ग्रंथपुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार इझाबेल मिलर (आल्मा राउत्सॉन्ग) हिच्या पेशन्स अँड सेरा या कादंबरीस मिळाला. एकोणिसाव्या शतकातील दोन स्त्रियांच्या सहजीवनाची ही कथा लेखिकेने १९६९ मध्ये दुसऱ्या शीर्षकाने स्वखर्चाने छापली होती. ग्रंथालय संघाने या पुरस्काराला १९८६ मध्ये अधिकृत मान्यता दिली.

दुकाने व किशोरसाहित्य : न्यूयॉर्क येथील ‘ऑस्कर वाइल्ड मेमोरिअल बुकशॉप’ (१९६७–२००९) व लंडन येथील ‘गेज द वर्ड’ (स्थापना १९७९) ही दुकाने शिफारशीची केंद्रे ठरली. १९८४ मध्ये ब्रिटिश सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी लंडनच्या दुकानावर छापा घालून परदेशी पुस्तके जप्त केली. दुकानचालकांवरील आरोप १९८६ मध्ये मागे घेण्यात आले. किशोरवाचकांसंबंधीचा वाद अधिक तीव्र होता. नॅन्सी गार्डन (१९३८–२०१४) हिच्या ॲनी ऑन माय माइंड (१९८२) या दोन मुलींच्या प्रेमकथेच्या प्रती १९९३ मध्ये कॅन्सस सिटी येथे जाळण्यात आल्या. जवळच्या एका शालेय मंडळाने ती ग्रंथालयांतून काढून टाकली; तेव्हा विद्यार्थी व पालक न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये पुस्तक परत ठेवण्याचा निर्णय झाला. २००८ पासून अमेरिकन ग्रंथालय संघाच्या छत्राखाली बाल व किशोरवाचकांसाठी अशा पुस्तकांची वार्षिक सूची प्रसिद्ध होते.

शिफारशीची तत्त्वे : वरील परंपरेतून काही निकष स्थिर झाले आहेत. पात्र कथेच्या केंद्रस्थानी आहे की केवळ निमित्तमात्र, हा पहिला; चित्रण स्पष्ट आहे की सूचित, हा दुसरा; आणि पात्राचे दुःख कथेच्या ओघात येते की समलिंगी असल्याची शिक्षा म्हणून येते, हा तिसरा निकष होय. शोकांतिका त्याज्य नसते. जेम्स बॉल्डविन (१९२४–८७) याची जोव्हानीज रूम (१९५६) ही शोकात्म कादंबरी बहुतेक सूचींत मानाचे स्थान पावते. मात्र एकामागून एक शोकांतिकाच वाचावयास मिळालेल्या वाचकास आपल्या आयुष्याचाही तोच शेवट असल्याचे वाटू लागते. म्हणून चांगल्या सूचीत भिन्न कालखंड, वर्ग व शेवट असलेली पुस्तके सोबत मांडतात. वाचकाने कोणते पुस्तक मागितले हे गुप्त राहणे, हाही शिफारशीचाच भाग मानला जातो.

भारतीय भाषा व मराठी : १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ मुळे समलिंगी संबंध भारतात गुन्हा ठरत. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खाजगी संबंधांना ते लागू होणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. साहित्यात मात्र हा विषय पूर्वीच आलेला होता. पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांच्या चॉकलेट (१९२७) या हिंदी कथासंग्रहाचा हेतू निषेधाचा होता. तरीही अशा संबंधांचे अस्तित्व त्यामुळे छापील अक्षरांत नोंदले गेले. इस्मत चुगताई यांच्या ‘लिहाफ’ (१९४२) या उर्दू कथेवर लाहोर येथे अश्लीलतेचा खटला होऊन त्या निर्दोष सुटल्या. रूथ वनिता व सलीम किदवई यांनी संपादिलेला सेम-सेक्स लव्ह इन इंडिया (२०००) हा अनेक भारतीय भाषांतील, प्राचीन काळापासूनच्या उताऱ्यांचा संग्रह म्हणजे या क्षेत्रातील भारतीय शोधकार्याचा महत्त्वाचा टप्पा होय.

मराठीत विजय तेंडुलकर यांच्या मित्राची गोष्ट (प्रथम प्रयोग १९८१) या नाटकाची नायिका समलिंगी असून तिचा शेवट आत्मनाशात होतो. बिंदुमाधव खिरे यांची पार्टनर (२००५) व सचिन कुंडलकर यांची कोबाल्ट ब्ल्यू (२००६) या कादंबऱ्यांत समलिंगी तरुण केंद्रस्थानी आहेत. कोबाल्ट ब्ल्यूमध्ये घरी राहावयास आलेल्या एकाच तरुणावर भाऊ व बहीण या दोघांचे प्रेम जडते. ती जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादामुळे (२०१३) मराठीबाहेरही पोहोचली. या तिन्ही शीर्षकांवरून विषयाचा बोध होत नाही. ग्रंथालयाच्या तालिकेत ती तेंडुलकर, खिरे व कुंडलकर या नावांखालीच सापडतात. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असे रंगनाथन् यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या सूत्रांत सांगितले होते. लेखकाचे नाव ठाऊक नसलेल्या वाचकाच्या बाबतीत हे सूत्र प्रत्यक्षात येण्यासाठी कोणीतरी आधी पुस्तक वाचून त्याची नोंद करून ठेवावी लागते. आणि हेच या सूचींचे प्रयोजन होय.